लढाईवर गेला तो कुठे गेला? कोकणातल्या घरांसाठी शोधाची वाट

कोकणातल्या पुष्कळ घरांत एक नाव असं असतं, ज्याचा फोटो नाही आणि तिथीही नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं: "तो लढाईवर गेला तो गेलाच." पहिली लढाई की दुसरी, बसरा की बर्मा, पलटणीत की बोटीवर, धड कुणालाच सांगता येत नाही. माझ्या आईच्या माहेरी, खेड तालुक्यात, असे एक पणजोबा होते. त्यांचा माग काढला, मग वाडीतल्या आणि खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातल्या काही घरांसाठीही हेच काम केलं. त्यातून शिपायांची आणि दर्यावर्दींची अशा दोन्ही वाटा माहीत झाल्या. नव्याने सुरुवात करणाऱ्याची पायपीट वाचावी म्हणून त्या इथे मांडतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. यातून पैसे मिळत नाहीत. "लंडनहून भरपाई मिळवून देतो" म्हणत कुणी आधार कार्डाची झेरॉक्स आणि फी मागितली, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. पुढे ज्या मुख्य यादीबद्दल लिहिलंय ती कुणालाही फुकट बघता येते.

आधी हे जवळ ठेवा

- जाड वही. मोबाइलमधल्या नोंदी चार महिन्यांनी सापडत नाहीत.
- भावकीची वंशावळ, निदान चार पिढ्यांची. बायकांच्या नावांसकट आणि त्यांच्या माहेरच्या गावांसकट.
- टॉर्च, भिंग आणि मऊ सुती फडकं.
- सातबारा आणि जुने फेरफार, मिळतील तेवढे.
- घरातली जुनी पदकं, पत्रं, पेन्शनची पुस्तकं, बोटीवरच्या माणसाचं सीडीसी, म्हणजे खलाशाच्या नोकरीची नोंदवही.
- इंग्रजी बरं असलेला घरातला एखादा पोरगा किंवा पोरगी.

१. सुरुवात घरातल्या बायकांपासून करा

पुरुषमंडळी शौर्याच्या गोष्टी सांगतात आणि त्यातल्या निम्म्या दुसऱ्याच कुणाच्या तरी असतात. बायकांना मात्र घरात काय घडलं ते आठवतं. म्हणून "त्यांनी कुठे पराक्रम केला?" असं विचारू नका. तो गेला तेव्हा घरात कोण कोण होतं? बायको कुठल्या गावची? ती सासरी राहिली की माहेरी गेली? पाट लागला का? मुलं कुणी वाढवली? पेन्शन घ्यायला ती कुठे जायची? असं विचारलं की गाठोडं सुटतं.

माझ्या पणजीला सरकारी कागद आला होता. तो तिने दुसऱ्याकडून वाचून घेतला, घडी घालून तांदळाच्या कणगीमागे ठेवला आणि कुंकू पुसायला नकार दिला. "कागुद आला म्हनून मानूस मेला काय?" हे तिचं वाक्य आईच्या मावशीने मला तिच्याच हेलात ऐकवलं. प्रेत बघितलेलं नाही, अग्नी दिलेला नाही, बरोबर गेलेला एकही माणूस परत येऊन काही बोललेला नाही. मग मानायचं कशावरून? अशा बाया किनारपट्टीवर खूप होत्या. पणजी म्हातारी होईपर्यंत कुंकू लावत राहिली. गावाने तिला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, यावर दोन पिढ्या कुजबूज चालली. मिशी फुटायच्या आत तिचा थोरला गिरणीत लागला आणि घर मनीऑर्डरवर चालू लागलं.

हे ऐकायला वेळ कुठली ते महत्त्वाचं. गणपतीत सगळी भावकी जमते खरी, पण बाया चुलीपासून हलत नाहीत. गौरी-गणपती पोचवले की दुसऱ्या दिवशी दुपारी बसा. शिमगाही चालतो, पण पालखी घरी येऊन गेल्यावर. आणि पुरुषांसमोर विचारू नका. पाटाचा किंवा जमिनीचा विषय निघाला की बायका गप्प होतात.

एक चकवा इथेच सांगतो. कागद सासरीच असतील असं धरून चालू नका. विधवा माहेरी गेली असेल तर पदक आणि पेन्शनचे कागद तिच्या पेटीतून तिकडे गेलेले असतात. तिच्या भावाच्या नातवंडांना जाऊन भेटा.

२. ट्रंक उघडा, पण घासूपुसू नका

पहिल्या महायुद्धातली पदकं तीन प्रकारची सापडतात. चांदीचं गोल पदक, ज्यावर पंचम जॉर्जचं डोकं आहे; पिवळसर काशाचं, पंखवाल्या देवीचं; आणि तारा. गोल पदकांच्या काठावर बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. ताऱ्याच्या बाबतीत तीच माहिती पाठीमागे असते. टॉर्च आडवा धरला की अक्षरं वर येतात. पाणक्या, खेचरवाला, मजूर अशा बिनलढाऊ माणसांना पहिलं पदक चांदीऐवजी काशाचं मिळालेलं असू शकतं, त्यामुळे "आपलं खोटं दिसतंय" असं म्हणून टाकून देऊ नका.

पितांबरी आणि चिंच दोन्ही लांब ठेवा. दर दिवाळीला देवांच्या भांड्यांबरोबर घासून काठ गुळगुळीत झालेली पदकं मी बघितली आहेत. त्यावर राजा दिसतो, माणूस मात्र पुसला गेलेला असतो.

मेलेल्यांच्या घरी आणखी एक वस्तू आलेली असायची. बारा सेंटिमीटरच्या आसपास रुंदीची काशाची जड चकती, त्यावर उभी बाई आणि सिंह, आणि एका चौकटीत उठावाच्या अक्षरांत नुसतं नाव. हुद्दा नाही, नंबर नाही. ही चकती घरात असेल, तर माणूस लढाईच्या काळात गेला हे नक्की धरा. भंगारवाल्याला ती वजनावर दिलेली घरंही आहेत, तेव्हा आधी माळा बघा.

३. कुठली लढाई, कुठली पलटण

नुसत्या अंदाजाने यादी उघडलीत तर शेकडो सावंत आणि हजारभर जाधव अंगावर येतात. आधी काळ ठरवा. मुलाच्या जन्माचं साल सापडलं की पुष्कळदा काम होतं.

मराठा पलटणींचे नंबर १९२२ मध्ये बदलले, आणि नवख्या माणसाची सगळ्यात जास्त फजिती इथेच होते. पहिल्या महायुद्धातली १०३ नंबरची पलटण पुढे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन झाली. १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी आणि ११४ ची प्रशिक्षणाची दहावी. घरात "पाचवी मराठा" म्हणत असतील आणि माणूस १९१६ मध्ये गेला असेल, तर त्या नावाने तो सापडायचा नाही.

बसऱ्याचा उल्लेख निघाला तर मेसोपोटेमिया समजा, म्हणजे आजचा इराक. १०३, ११० आणि ११७ या पलटणी कूतच्या वेढ्यात अडकल्या होत्या. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीने टेकीला आलेल्या फौजेने शरणागती पत्करली. त्यानंतर कैद्यांना तुर्कस्तानकडे चालवत नेलं. त्या वाटेवर गेलेल्यांच्या मृत्यूच्या तारखेवर फार विसंबू नका.

दुसऱ्या महायुद्धात इरिट्रियातलं केरेन, टोब्रुक, इटली आणि बर्मा ही नावं निघतात. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचंसुद्धा थडगं नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. मग आपल्या माणसाची समाधी सापडली नाही म्हणून हिरमुसण्याचं कारण नाही.

बौद्ध घरांसाठी थोडं वेगळं. महारांची भरती १८९० नंतरच्या काळात बंद केली गेली, ती पहिल्या महायुद्धात पुन्हा सुरू झाली. १११ नंबरची महार पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ ची. जुन्या नोंदीत नावाला "नाक" जोडलेलं असू शकतं आणि आडनाव अजिबात नसतं, म्हणून नुसत्या आजच्या आडनावावर शोध घेऊ नका.

४. गावचं दप्तर

तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून दोन गोष्टी मागा: जुने फेरफार आणि गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. परदेशात झालेला मृत्यू कोतवाल बुकात सहसा सापडत नाही, पण पोरांचे जन्म सापडतात. जन्मांची रांग जिथे तुटते त्याच्या आसपास माणूस घरातून गेला असं धरायला हरकत नाही. शाळेचं जनरल रजिस्टरही बघा. पालकाच्या जागी आईचं किंवा काकाचं नाव दिसलं की तिथे खूण करा.

फेरफारातलं वाचायला सावकाश बसा. मोडी असेल तर वाचणारा गाठा, अंदाजाने वाचू नका. माणूस मयत झाल्यावर वारसांची नोंद होते, त्यात बायकोचं आणि अज्ञान मुलांचं नाव, पुढे "अ.पा.क." (अज्ञान पालन कर्ता) म्हणून आईचं. हे लढाईनंतर बऱ्याच वर्षांनीही नोंदलेलं असतं, तेव्हा तीच मृत्यूची तारीख समजू नका. आणि बऱ्याच घरांत असं दिसतं की वारस नोंद झालीच नाही, नाव लागलं ते दिराचं, "ए.कु.मॅ." (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून. पुढच्या पिढीत त्याच तीन अक्षरांवरून कोर्टकज्जे होतात. तलवारीने मेला कोण आणि जमीन गेली कुणाची, हे एका ओळीत बघायचं असेल तर फेरफार बघावा.

खोती गावांत, म्हणजे जिथे सारा खोत गोळा करायचा तिथे, मात्र हा मार्ग अर्धवट चालतो. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. त्याआधी कसणाऱ्या कुळाचं नाव दप्तरात असेलच असं नाही. "आमच्या पणजाचं नाव कुठेच नाही" याचा अर्थ तो नव्हता असा होत नाही. जमीन त्याच्या नावावर नव्हती, एवढाच.

गावात, चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवराची छोटी इंग्रजी पाटी आहे का बघा. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतके गेले, त्यातले इतके प्राणाला मुकले, एवढाच मजकूर असतो. नावं नसतात. पण आकडा मिळाला की किती घरं शोधायची ते कळतं.

५. आयोगाची यादी

आता कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर जा. युद्धात मेलेल्यांची नोंद ठेवणारी ही संस्था. त्यांच्या हिशेबात दोनच काळ बसतात: ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. म्हणजे लढाई संपल्यावर घरी येऊन जखमेने किंवा तिकडच्या तापाने १९२० मध्ये गेलेला शिपाईही त्यात असू शकतो. हे माहीत नसल्याने लोक लवकर हात टेकतात.

शोधताना हे करा:

- इंडियन आर्मी, म्हणजे भारतीय फौज, निवडून मगच नाव टाका.
- पहिलं नाव आडनावाच्या रकान्यात टाकून बघा. "बाबाजी", "रामा", "गोविंद" हे आडनाव म्हणून नोंदलेले ढिगाने आहेत.
- कारकून गोरा किंवा पंजाबी, कानाला लागेल तसं लिहायचा. चव्हाण हा चौआन, चवान, चोवान झालेला असतो. सावंत कधी व्हीने, कधी डब्ल्यूने. सगळे प्रकार वहीत लिहून एकेक खोडत जा.
- गावाऐवजी तालुक्यावर नजर ठेवा. नोंदीत "अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, गाव, तालुका, जिल्हा" असं सापडलं तर नशीब.
- जिल्हे तेव्हाचे आहेत. सिंधुदुर्ग १९८१ चा, त्याआधी तो भाग रत्नागिरीत. रायगड म्हणजे कुलाबा. सावंतवाडी आणि जंजिरा ही तेव्हा संस्थानं होती, ती वेगळी लिहिलेली असतात.

नोंद सापडली की तिच्याखाली जोडलेल्या मूळ रजिस्टरच्या पानांचे फोटो उतरवून घ्या. शुद्धलेखनाच्या चुका बहुतेक नंतरच्या यादीतल्या असतात. मूळ पान जास्त बोलतं.

बसरा स्मारकाबद्दल मनाची तयारी ठेवा. तिथे चाळीस हजारांहून जास्त माणसांचं स्मरण आहे. गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीखाली नुसती संख्या. नावं रजिस्टरात राहिली. ही वागणूक असमान होती, हे आयोगाने २०२१ मध्ये आपल्याच अहवालात मान्य केलं. शंभर वर्षं लागली त्याला. ते स्मारकही मूळ जागी नाही, १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने उचलून वाळवंटातल्या रस्त्याकडेला नेलं. फ्रान्समधलं नव्ह शापेलचं स्मारक मात्र हिंदी माणसांचंच, ४,७०० च्या वर नावं आहेत. वायव्य सरहद्दीवर गेलेले दिल्लीच्या इंडिया गेटवर बघा, ती कमान नुसती फोटो काढायला नाही.

हिंदू शिपायांना शक्य तिथे अग्नी दिला जायचा, म्हणून "थडगं दाखवा" असा अर्ज करून उपयोग नसतो. चुकीचं नाव किंवा गाव दुरुस्त करायचं असेल तर संकेतस्थळावरूनच कळवता येतं. सोबत पुरावा जोडा. इथे पदकाच्या काठाचा फोटो आणि फेरफार कामाला येतात.

६. बोटीवरचा माणूस असेल तर

रत्नागिरी ते मुरूडपर्यंतच्या मोहल्ल्यांतून, खारवी आणि भंडारी वाड्यांतून गेलेल्यांचा हिशेब वेगळा. पाणबुडीने बोट बुडवली की सारंग, टंडेल, सुकाणी, आगवाला सगळेच गेले. घरी आलं ते कंपनीचं पत्र. फौजेच्या यादीत ते नाहीत.

पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचं स्मारक मुंबईत मस्जिद बंदरच्या बाजूला इंडियन सेलर्स होममध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे सहा हजार व्यापारी खलाशांची आणि रॉयल इंडियन नेव्हीतल्या चारेकशे जणांची नावं एका पुस्तकात आहेत. त्याची एक प्रत मुंबईत, एक चितगावला. गेलात तर आधी विचारून जा. आयोगाच्या संकेतस्थळावर हीच नावं दिसतात.

नाव शोधताना परकार, मुकादम, काझी विसरा. बोटीच्या कागदात "इब्राहिम हसन" असं स्वतःचं आणि बापाचं नाव असतं, की संपलं. वंशावळीत बापाचं नाव नसेल तर पुढे जाता येत नाही. १९१५ सालच्या ब्रिटिश बोटींच्या खलाशांच्या याद्या इंटरनेटवर फुकट आहेत, त्यात वय आणि जन्मगावही सापडू शकतं.

खलाशी आजाराने बोटीवर वारला असेल तर आयोग त्याला धरत नाही, शत्रूच्या कारवाईत गेला तरच. घरच्यांना हा फरक पटत नाही, आणि का पटावा? आणखी एक गोंधळ: "लढाईत बोटीवर गेला" असं सांगितलेला माणूस १४ एप्रिल १९४४ च्या व्हिक्टोरिया डॉकच्या स्फोटात धक्क्यावर गेलेला असू शकतो. साल १९४४ आणि जागा मुंबई निघाली तर ही शक्यता आधी तपासा.

७. स्वातंत्र्यानंतरचे

१९४७ नंतर गेलेल्यांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. पत्र लिहिताना आर्मी नंबर हवाच. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर २०१९ पासून ही नावं आहेत आणि ऑनलाइन बघता येतात. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकाची विधवा अजून हयात असेल तर राज्य सरकारचं मासिक अनुदान असतं, त्याची चौकशी त्याच कार्यालयात करा. तेवढी एकच पैशाची गोष्ट खरी आहे.

८. सापडल्यावर घरात सांगणं

छापील पान व्हॉट्सअॅपच्या भावकीच्या ग्रुपवर टाकून मोकळे होऊ नका. घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला आधी, समोर बसून, वाचून दाखवा. काहींना रडू येतं, काही म्हणतात "आता कशाला?" दोन्ही ऐकून घ्यावं.

तारीख मिळाली की तिथीचा प्रश्न येतोच. तिथी माहीत नसल्याने बहुतेक हिंदू घरं सर्वपित्री अमावास्येला पान वाढत आलेली असतात. शस्त्राने गेलेल्यांसाठी भाद्रपद वद्य चतुर्दशी, त्याच्या आदल्याच दिवशी. आता इंग्रजी तारखेवरून तिथी काढता येते, भटजी काढून देतात. आमच्या घरात दोन मतं पडली. मामा म्हणाले, आता खरी तिथी धरू. मामी म्हणाली, शंभर वर्षं अमावास्येला जेवायला येतोय तो, आता दिवस बदललात तर चुकेल. अमावास्याच राहिली. मोहल्ल्यातल्या घराने आपल्या खलाशासाठी फातिहा पढली आणि बुडालेल्या बोटीचं नाव कुराणाच्या रेहालीजवळ लिहून ठेवलं. यात बरोबर-चूक ठरवणारे आपण कोण?

परत आलेल्यांचंही विचारा. लढाईहून आला पण रात्री ओरडत उठायचा, कुणाशी बोलायचा नाही, माडीच्या दारूपायी घर खाल्लं, असा माणूस जवळजवळ प्रत्येक वाडीत सांगतात. तो कुठल्याच यादीत नाही. तुमच्या वहीत तरी त्याला एक पान द्या.

९. गावात पाटी लावायची असेल तर

जुनी संगमरवरी पाटी असेल तर तिला हात लावू नका. अक्षरं उठावीत म्हणून ऑइलपेंट भरला की दगड खराब होतो आणि रंग पुढच्या पावसाळ्यात ओघळतो. नवी पाटी वेगळी करा. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागतो, आणि नावांची यादी ठरावाला जोडा, म्हणजे नंतर कुणी आपल्या आजोबांचं घुसडत नाही. प्रत्येक नावाला एक तरी कागदी पुरावा हवा, ही अट सुरुवातीलाच सांगा.

आमच्याकडे प्रत्येकाच्या नावाखाली त्याच्या बायकोचं किंवा आईचं नाव घालायचं ठरवलं. यावर वाद झाला, "सैनिकांच्या पाटीवर बायांचं काय काम" असंही म्हणून झालं. मी हट्ट धरला आणि तुम्हीही धरा. सापडली तेवढी नावं घातली, उरलेल्यांच्या जागा मोकळ्या सोडल्या.

जागा निवडताना दोन गोष्टी बघा. देवळाच्या सभामंडपात लावली तर मोहल्ल्यातली आणि बौद्धवाडीतली माणसं आपल्याच पणजोबांची पाटी लांबून बघतात. शाळेत लावली तर पट घसरून शाळा बंद पडली की पाटीही कुलपात जाते. ग्रामपंचायतीची बाहेरची भिंत बरी, पश्चिमेचा पाऊस थेट बसणार नाही अशा बाजूची. खाऱ्या हवेत लोखंडी खिळे दोन वर्षांत गंजून दगडावर तांबडे ओघळ सोडतात, त्यामुळे पितळी किंवा चांगल्या स्टीलचे स्क्रू वापरा आणि जांभ्याच्या चिऱ्यात थेट भोक न पाडता आधी सिमेंटची चौकट करून घ्या.